कॅल्क्युलसचा पेपर अडतो तो अपूर्णांकांत

महोदय,

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येणे ही आता सवयीची बातमी झाली आहे. त्याच मुलांपैकी जी दोन वर्षांनी बीएस्सीला गणित घेतात, त्यांची पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस आणि अल्जिब्राच्या पेपरांत दमछाक होते. का, असे विचारले की स्टाफरूममध्ये ठरलेली उत्तरे मिळतात: मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत आल्यामुळे, मोबाइलमुळे, सीईटीच्या नादात थिअरी सोडून दिल्यामुळे. यात थोडेफार तथ्य आहे. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसावे आणि प्रत्येक चुकीपुढे ‘हे कितवीत शिकवतात’ एवढेच लिहीत जावे. कॅल्क्युलसच्या पेपरात कॅल्क्युलसच्या चुका थोड्याच निघतात. बाकीच्या पाचवी ते आठवीच्या असतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. क्ष २ कडे जाताना क्ष² हे ४ कडे जाते, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करायचे, म्हणजे क्ष² आणि ४ यांतले अंतर दिलेल्या एप्सिलॉनपेक्षा कमी राहावे यासाठी क्ष २ च्या किती जवळ, डेल्टाच्या आत, हवा ते सांगायचे. दोन उभ्या रेघा म्हणजे मॉड, चिन्ह सोडून उरलेली संख्या. |क्ष² − ४| म्हणजे |क्ष − २| गुणिले |क्ष + २|. डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असे आधी ठरवले की क्ष १ आणि ३ यांच्या मध्येच राहतो, त्यामुळे |क्ष + २| पाचाच्या आत राहते. मग १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या डेल्टा म्हणून घेतली की काम संपले. मुले लिहितात, डेल्टा = एप्सिलॉन भागिले |क्ष + २|. इथे डेल्टा क्षवर अवलंबून राहिला, आणि क्ष तर डेल्टा ठरल्यानंतर येतो. ही चूक खरोखर कॅल्क्युलसची. ती दुरुस्त करणे आमचे काम आहे आणि दोन तासिकांत ती होतेही.

पण बरीच मुले या चुकीपर्यंतही पोचत नाहीत. |क्ष − २| < डेल्टा याचा अर्थ ती क्ष < २ + डेल्टा एवढाच घेतात, डावी बाजू सुटून जाते. १/क्ष < २ ही असमानता दिली की दोन्ही बाजूंना क्षने गुणून क्ष > १/२ लिहितात आणि मोकळी होतात. क्ष ऋण असू शकतो आणि ऋण संख्येने गुणले की चिन्ह फिरते, हे ध्यानात न आल्यामुळे क्ष < ० हा उत्तराचा अख्खा भाग गळतो. क्ष²चे वर्गमूळ सरळ क्ष, मॉड नाहीच. १/अ + १/ब = २/(अ + ब). इंटिग्रेशन अगदी नीट करून शेवटच्या ओळीत २/३ आणि ३/४ यांची बेरीज ५/७. परीक्षक बिचारा गुण कापतो कॅल्क्युलसचे.

या चुका आळसातून आलेल्या नाहीत. त्या नियमांतून आल्या आहेत. लहानपणी कोणीतरी दिलेला नियम काही इयत्ता चालतो आणि नंतर फसतो. ‘चिन्ह बदलून पलीकडे न्यायचे’ हा नियम क्ष + ३ = १२ ला बरोबर चालतो. तोच नियम −३क्ष = १२ ला लावला की ३ चे चिन्हही बदलते, भागाकारही होतो आणि उत्तर येते ४. खरे उत्तर −४. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली की समानता टिकते, हे मूळ तत्त्व त्या मुलाने कधी ऐकलेलेच नसते; त्याच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. म्हणून एफवायची (पदवीच्या पहिल्या वर्षाची) मुले एका ओळीत फंक्शन आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) यांच्यामध्ये बेधडक बरोबरचे चिन्ह टाकतात.

क्रियांचा क्रम सांगणाऱ्या ‘कंचेभागुबेव’ या शब्दाचीही तीच गत. त्या शब्दात बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर आहे, म्हणून ८ − ३ + २ चे उत्तर ३ देणारी मुले दहावीतही सापडतात. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या असून डावीकडून उजवीकडे करायच्या, उत्तर ७, हे वाक्य सांगायचे राहून जाते. ज्याला स्वतःला ते कोणी सांगितले नाही, तो सांगणार कुठून?

आमच्या मते खरी अडचण इथे आहे. प्राथमिक शाळेत गणिताचा वेगळा शिक्षक नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंतच्या पहिली ते पाचवीच्या शाळेला दोन शिक्षक, आणि आपल्याकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळा बहुधा याच गटातल्या. म्हणजे डीएलएड ही शिक्षकाची पदविका घेतलेला प्रत्येक जण गणित शिकवणारच. आता त्याची तयारी पाहा. डीएलएडला बारावीची कोणतीही शाखा चालते. कला शाखेतून आलेल्याचा गणिताशी शेवटचा संबंध दहावीत आलेला असतो. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० पैकी गणिताचे ३० गुण, तेही पर्यायी प्रश्नांचे. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला पात्र व्हायला ९० लागतात. गणितात भोपळा मिळवूनही उरलेल्या १२० पैकी ९० मिळवणारा उमेदवार हिशोबाने पात्र ठरतो. असे किती जण असतात हा मुद्दा नाही. रचना याला आडकाठी करत नाही, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

डीएलएडमध्ये गणित अध्यापन हा विषय आहे. त्यात पाठ टाचण, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन हे सगळे येते. भावी शिक्षकाला स्वतःला अपूर्णांकांचा भागाकार कळला आहे का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो आलाच असेल असे धरून पुढे जातात. विचारून पाहा. ‘पाऊण भागिले अर्धा’ यावर शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगा. ‘पाऊण भाकरी दोघांत वाटली’ असे उत्तर हमखास येईल. ते झाले भागिले दोन, त्याचे उत्तर ३/८. पाऊण भागिले अर्धा म्हणजे पाऊणमध्ये अर्धे किती वेळा बसते, उत्तर दीड. ‘उलटून गुणा’ हा नियम त्या व्यक्तीला पाठ असतो, गणित बरोबर सुटते, पण उदाहरण चुकीचे तयार होते. तीच व्यक्ती जूनमध्ये पाचवीच्या वर्गावर उभी राहते.

बीएस्सी, बीएड होऊन माध्यमिकला जाणाऱ्यांचे दुखणे निराळे. त्यांनी ग्रुप, रिंग, फील्ड असे सगळे अमूर्त बीजगणित केलेले असते, आणि ‘ऋण गुणिले ऋण धन का’ या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाला ‘नियमच आहे’ हे उत्तर देतात. खरे तर टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) रिंग थिअरीच्या पहिल्याच तासाला याचे उत्तर होऊन गेलेले असते: (−१) गुणिले (१ + (−१)) हे शून्य, वितरण नियमाने कंस सोडवला की −१ + (−१)(−१) = ०, म्हणून (−१)(−१) = १. फक्त ते सातवीचे उत्तर आहे असे त्या तासाला कोणी म्हटलेले नसते. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच या दुहेरी तुटीवर बोट ठेवले होते. विद्यापीठात आल्यावर शाळेचे गणित विसरायचे आणि शिक्षक होऊन शाळेत परतल्यावर विद्यापीठाचे विसरायचे. आपण ही तूट अजून निष्ठेने जपतो आहोत.

आमची सूचना साधी आहे. नव्या रचनेत पदवीच्या मुलाला दुसऱ्या विद्याशाखेचे खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. कोकणातल्या प्रत्येक पदवी महाविद्यालयाने ‘शालेय गणिताचा पाया’ हा दोन क्रेडिटचा पेपर कला आणि वाणिज्यच्या मुलांना द्यावा, आणि तोच पेपर डीएलएडच्या पहिल्या वर्षातही असावा, कारण बारावीनंतर थेट तिकडे जाणाऱ्यांची गाठ कॉलेजशी पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बीएड व्हायची आहे. तो अभ्यासक्रम आपल्याकडे रुजेल तेव्हा हा पेपर तयार असेल.

तीस तासांत काय करायचे? पहिले पाच तास स्थानिक किमतीला, आणि तेही दहाच्या नव्हे, पाचाच्या आधाराने. ०, १, २, ३, ४ एवढेच अंक. ३४ अधिक २३: चार आणि तीन सात, म्हणजे एक पाच आणि वर दोन, २ मांडले, हातचा १. तीन, दोन आणि एक सहा, म्हणजे पुन्हा ११. उत्तर ११२. नेहमीच्या पद्धतीत हे १९ + १३ = ३२. मोठ्या माणसाला इथे घाम फुटतो आणि पहिलीतल्या मुलाला हातचा का जड जातो ते आपोआप कळते. ४०७ च्या जागी ४००७ लिहिणारे मूल मठ्ठ नसून ऐकले तसे लिहिणारे आहे, हेही इथेच लक्षात येते. पुढचे पाच तास गुणाकार-भागाकाराच्या रीतींना: दोन अंकी गुणाकारात दुसऱ्या ओळीत एक घर का सोडतात, भागाकारात वरचा अंक खाली उतरवतात म्हणजे नेमके काय करतात.

अपूर्णांक आणि दशांश यांना दहा तास हवेतच. यातला एकही कमी करू नये. भागाकाराचे दोन अर्थ, वाटणी आणि ‘किती वेळा बसते’, सुटे सुटे करून घ्यावेत. पाऊण लिटर कोकमाचे आगळ सव्वाशे मिलीच्या बाटल्यांत भरले तर किती बाटल्या? ३/४ भागिले १/८. दोन्ही आठमांशांत मांडले की सहा आठमांशांत एक आठमांश किती वेळा, उत्तर ६. छेद सारखे केले की अंशाला अंशाने भागायचे एवढेच उरते, आणि ‘उलटून गुणा’ हा नियम त्यातून डोळ्यांसमोर तयार होतो. ०.१५ हे ०.२ पेक्षा मोठे समजणाऱ्याला ‘शून्य जोडा, ०.२० करा’ असा उतारा देऊ नये. तो उतारा चालतो, पण दशांश-शतांश न समजताच चालतो. आधी संख्यारेषेवर ० ते १ चे दहा भाग, मग त्यातल्या एका भागाचे दहा, आणि मगच चिन्हे. उरलेल्या दहांपैकी पाच तास ऋण संख्या आणि बरोबरच्या चिन्हाला, पाच क्षेत्रफळाला.

क्षेत्रफळाला गुंठा घ्यावा, कोकणात तो घरोघरी माहीत आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फूट बाजूचा चौरस. बाजू दुप्पट केली, ६६ फूट, तर जमीन किती? दोन गुंठे, असे उत्तर शिकलीसवरलेली माणसे देतात. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४३५६, बरोबर चार गुंठे. जमिनीवर दोरी टाकून हे दाखवायला अर्धा तास लागतो.

हाच चौरस एफवायच्या वर्गात पुन्हा आणावा. बाजू ३३ ऐवजी ३४ केली तर क्षेत्रफळ ११५६, वाढ ६७. ही ६७ कुठून आली? चौरसाच्या दोन कडांना लागून दोन पट्ट्या, प्रत्येकी ३३, आणि कोपऱ्यात १. बाजू एक फुटाऐवजी ह फुटांनी वाढवली तर पट्ट्या २ × ३३ × ह आणि कोपरा ह². ह ने भागले की ६६ + ह. ह शून्याकडे नेला की ६६. क्ष²चे डेरिव्हेटिव्ह २क्ष का येते ते मुलाने आता पाहिले, घोकले नाही. शिवाय (अ + ब)² मधला २अब विसरणाऱ्याला त्या दोन पट्ट्या विसरता येत नाहीत.

अल्जिब्राच्या पेपरातही असे सांधे जागोजागी आहेत. सहावीत भागाकार पद्धतीने मसावि काढतात, तो युक्लिडचाच अल्गोरिदम. २५२ आणि १९८ घ्या: बाक्या ५४, ३६, १८, मग शून्य; मसावि १८. एफवायला त्याच पायऱ्या उलट चढायच्या असतात: १८ = ५४ − ३६, आणि एकेक बाकी मागे बसवत गेले की १८ = ४ × २५२ − ५ × १९८. ज्याला सहावीतली पद्धत नुसती उतरंड म्हणून आठवते, त्याला परतीची वाट सापडत नाही. ज्याने प्रत्येक पायरी ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ अशी लिहिली आहे, त्याला काही नवे शिकावेच लागत नाही. बाकी शून्य किंवा धन आणि भाजकापेक्षा लहान हवी, ही अट मात्र इथे ठासून सांगावी. −७ ला ३ ने भागताना मुले भागाकार −२, बाकी −१ लिहितात. हवे −३ आणि २. पुढे काँग्रुअन्समध्ये, म्हणजे बाक्यांच्या गणितात, याच जागी घोळ होतो. इक्विव्हॅलन्स रिलेशन (कोणत्या गोष्टी एकच मानायच्या ते ठरवणारे नाते) शिकवताना परीक्षेपुरती कागदी उदाहरणे देण्यापेक्षा पाचवीतले समान अपूर्णांक आणावेत: २/४ आणि १/२ एकच, कारण तिरकस गुणाकार सारखा. हे नाते ट्रान्झिटिव्ह आहे (पहिला दुसऱ्यासारखा आणि दुसरा तिसऱ्यासारखा, तर पहिला तिसऱ्यासारखा) हे दाखवताना मधला छेद शून्य नसावा लागतो, आणि छेदात शून्य का चालत नाही हा जुना प्रश्नही तिथेच सुटतो.

कोन अंशांत की रेडियनमध्ये, याबद्दल एक उदाहरण. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. हिशोबाला सहा धरू. समजा पाणी २.४ मीटर चढते. त्याची उंची १.२ × (१ − कोसाइन ३०ट) अशी मांडता येते, ट म्हणजे ओहोटीपासूनचे तास, कोन अंशांत. तिसऱ्या तासाला पाणी सर्वांत वेगाने चढते. मुलगा सरळ डेरिव्हेटिव्ह काढतो: १.२ × ३० × साइन ९०, म्हणजे ताशी ३६ मीटर. बंदरावर वाढलेल्या मुलानेही हे उत्तर निमूटपणे लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारलेली असते! साइनचे डेरिव्हेटिव्ह कोसाइन हे सूत्र फक्त रेडियनमध्ये खरे. अंशांत पाय भागिले १८० हा गुणक लागतो. ३६ ला त्याने गुणले की ताशी ०.६३ मीटर, समुद्राला शोभेल असे. उत्तर शक्य कोटीतले आहे का हे पाहण्याची सवय पहिलीतल्या वजाबाकीपासून लावावी लागते, एफवायला ती लागत नाही.

आमच्या बाजूनेही काही बदलायला हवे. प्रवेश लांबतात, जुलैत रेड अलर्टच्या सुट्ट्या पडतात, मग गणपती. पहिल्या सेमिस्टरच्या तासिका कागदावर दिसतात तेवढ्या हातात येत नाहीत, आणि आम्ही घाईने पहिल्याच आठवड्यात सुप्रीमम-इन्फिममसारख्या अमूर्त कल्पनांना हात घालतो. त्याऐवजी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांची, गुण न देणारी वीस प्रश्नांची चाचणी घ्यावी: अपूर्णांक, असमानता, मॉड, वर्गमूळ, सूत्रांचे विस्तार. बहुपर्यायी नको, कारण चूक कोणती ते कळायला पायऱ्या दिसायला हव्यात. पुढचे दोन आठवडे कॅल्क्युलसचे तास असमानता आणि मॉडला द्यावेत आणि सिद्धतेची सुरुवात अल्जिब्राच्या पेपरात पूर्णांकांवर करून घ्यावी. तिथे वस्तू ओळखीची असते, त्यामुळे नवी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे युक्तिवाद. बारावीचा अभ्यासक्रम भरभर पुन्हा उरकणारा ब्रिज कोर्स मात्र वेळेचा अपव्यय आहे. मुलांना सूत्रे येतात, ती कधी लावायची नाहीत ते येत नाही.

या नव्या पेपराची परीक्षा कशी असावी यावरही बरेच अवलंबून आहे. गणिते सोडवायला दिली तर मुले नियमांवर पास होतील. निदान अर्धे गुण ‘हे मुलाचे उत्तर पाहा, त्याने काय विचार केला असेल ते लिहा, आणि त्याला कोणता पुढचा प्रश्न विचाराल’ अशा प्रश्नांना असावेत. शिकवणाऱ्यांत महाविद्यालयाच्या प्राध्यापकाबरोबर प्राथमिकचा एखादा जाणता शिक्षक हवाच. छेदाचा गोंधळ पाचवीत कसा दिसतो हे आमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. उलट बाजूने, केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत जवळच्या कॉलेजच्या गणित विभागाला वर्षातून दोन सत्रे दिली तर सेवेत असलेल्यांपर्यंतही हे पोचेल. त्याला वेगळे अनुदान लागत नाही. केंद्रप्रमुखांनी पत्र द्यावे, कॉलेजने माणूस पाठवावा.

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांना आपण ६ जानेवारीला पत्रकार म्हणून हार घालतो. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत, शाळा तपासत आणि शिक्षक घडवणारा वर्गही चालवत. ही कामे एकाच माणसाकडे असू शकतात असे तेव्हा वाटत होते. आज ती तीन खात्यांत आहेत, आणि डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिव्याख्यात्याची त्याच गावातल्या कॉलेजच्या गणित विभागप्रमुखाशी ओळख असेलच असे नाही.

खुल्या ऐच्छिक विषयांची यादी प्रवेशाआधी ठरते. पुढच्या वर्षी हा पेपर हवा असेल तर महाविद्यालयांनी आराखडा याच सत्रात विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवायला हवा. तीस तासांची वरची वाटणी, नमुना प्रश्नपत्रिका आणि पहिल्या दिवसाची चाचणी, या तीन गोष्टी मागेल त्या महाविद्यालयाला द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पदवीला गणित शिकवणारे काही प्राध्यापक